जगबुडीच्या दुसऱ्या दिवशी

१५ जानेवारी १९३४. बिहारमध्ये आदल्याच दिवशी संक्रांतीचं दही-चुडा आणि तिलकूट होऊन गेलं होतं. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला उत्तर बिहार आणि नेपाळची तराई हलली. मुंगेर आणि मुझफ्फरपूर या शहरांचे ढिगारे झाले, शेतांना भेगा पडून खालची वाळू आणि पाणी उसळून वर आलं, दहा हजारांहून जास्त माणसं दगावली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी त्यावर पत्र लिहून हरकत घेतली आणि गांधीजींनी ते पत्र आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापलं. हा वाद पुष्कळांना ठाऊक आहे.

त्याच दिवसांत पाटण्यात जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक मात्र वेगळंच काही टिपून घेत होते. ते अफवा गोळा करत होते. भूकंपाच्या क्षणी गंगेचं पाणी म्हणे नाहीसं झालं आणि नदीत उतरलेली माणसं वाळूत रुतून बसली. नेपाळकडून पुराचा लोंढा निघालाय. चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार आहे. २६ फेब्रुवारीला तर थेट प्रलयच होणार.

महिना, तारीख, सगळं ठरलेलं. २६ फेब्रुवारी उजाडली आणि मावळली. प्रसादांच्या नोंदी पुढे ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आल्या आणि पंधरा-वीस वर्षं ग्रंथालयात पडून राहिल्या.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या हाती त्या लागल्या. त्याला त्यातली एक गोष्ट खटकली. अफवा जिथून गोळा केल्या होत्या तिथल्या लोकांनी धक्का जोरात अनुभवला होता, पण घरं पडलेली किंवा माणसं मेलेली पाहिली नव्हती. जो आधीच घाबरलाय तो स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचेल? फेस्टिंगरला सुचलेलं उत्तर असं: अंगात भीती भरलेली आहे, पण आजूबाजूला भिण्यासारखं काही दिसत नाही. या दोन गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. मग मन कारण पैदा करतं. प्रलय येणार म्हणून माणूस घाबरलेला नसतो. तो घाबरलेला असतो म्हणून त्याला प्रलय हवा असतो. पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेल्या त्याच्या मनोविसंगतीच्या सिद्धांताचं बीज हे असं बिहारमधलं आहे. फेस्टिंगरने आपल्या १९५७ च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तसं सांगून ठेवलंय.

योगायोग असा की १९५७ मध्येच जग संपण्याच्या विश्वासावरची दोन मोठी पुस्तकं आली. नॉर्मन कोन या इंग्रज इतिहासकाराने मध्ययुगीन युरोपातल्या ‘आता जग संपणार आणि गरिबांचं राज्य येणार’ म्हणणाऱ्या पंथांचा इतिहास लिहिला. आणि पीटर वर्स्लीने न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरच्या, पूर्वज जहाज भरून माल आणतील म्हणून धक्के आणि धावपट्ट्या बांधणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. वर्स्ली डाव्या विचारांचा म्हणून त्याला न्यू गिनीत पाऊलच ठेवू दिलं नव्हतं. त्याने सगळं पुस्तक कागदपत्रांवरून लिहिलं. तोवर हा प्रांत धर्मग्रंथांच्या अभ्यासकांचा होता. ‘अपोकॅलिप्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पडदा दूर करणं. मराठी बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचं ‘प्रकटीकरण’ हे नाव मुळाला अगदी धरून आहे. प्रलय, कयामत, जगबुडी हे अर्थ ‘अपोकॅलिप्स’ला नंतर चिकटले. १९५७ नंतर पोथीइतकंच लक्ष पोथीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाकडे जाऊ लागलं, आणि तेही जग न बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या माणसाकडे.

या दुसऱ्या दिवसाचं सगळ्यात गाजलेलं वर्णन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचंच आहे. शिकागोजवळच्या एका बाईंना परग्रहावरून संदेश येत असत. हात आपोआप चाले आणि कागदावर अक्षरं उमटत. पुस्तकात त्यांचं नाव बदलून मिसेस कीच केलंय. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, पण त्याआधी मध्यरात्री उडती तबकडी येऊन आपल्याला घेऊन जाणार, असं त्यांच्या गटाला कळलेलं होतं. अभ्यासक भक्त बनून या गटात शिरले होते आणि न्हाणीघरात जाऊन चोरून टिपणं काढत होते.

तबकडीत धातू चालत नाही, असा आदेश होता. म्हणून बायकांनी अंतर्वस्त्रांतले हूक काढले, पुरुषांनी पॅन्टच्या चेनी उसवल्या. मध्यरात्रीला अर्धा तास उरला असताना आत शिरलेल्या एका अभ्यासकाच्या लक्षात आलं की आपली चेन तशीच आहे. एकच धांदल उडाली. गटातल्या डॉक्टरांनी त्याला खोलीत नेऊन थरथरत्या हातांनी ब्लेडने चेन कापून काढली, नजर सारखी घड्याळाकडे. खोलीत दोन घड्याळं होती. एकात बारा वाजून पाच मिनिटं झाली आणि कुणीच आलं नाही, तेव्हा दुसरं, मागे असलेलं घड्याळच बरोबर, असं ठरलं. मग त्यातही बारा वाजले.

पहाटे पावणेपाचला नवा संदेश उतरला. या छोट्या गटाने रात्रभर एवढा प्रकाश पसरवला की देवाने जग वाचवलं. तोवर वार्ताहरांना टाळणारी ही मंडळी आता स्वतः फोन करून वर्तमानपत्रांना बोलवू लागली. भविष्य खोटं ठरलं की श्रद्धा ढळत नाही, उलट प्रचार वाढतो, हा निष्कर्ष तिथून निघाला आणि अर्धं शतक टिकला.

टिकला म्हणजे निर्दोष होता असं नव्हे. त्या छोट्याशा खोलीत टिपणं काढणारेच किती होते, हा प्रश्न जुनाच आहे. फेस्टिंगरची खासगी कागदपत्रं खुली झाल्यावर अलीकडे असंही दाखवून देण्यात आलंय की अभ्यासकांनी नुसतं पाहिलं नाही, गटाला ढकललंही. आणि पुस्तक सुचवतं तितकी श्रद्धा पुढे टिकलीही नाही. चेन कापून घेणारा माणूस त्या रात्रीचा साक्षीदार होता की पात्र, हे ठरवणं अवघड आहे.

फेस्टिंगरला खरा पुरावा हवा होता तर तो एक शतक मागे भरपूर होता. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, १८१२ च्या युद्धात लढून आलेला, आकडेमोडीची आवड असलेला. दानीएलच्या ग्रंथातले २,३०० दिवस म्हणजे २,३०० वर्षं असं त्याने धरलं आणि इसवीसनपूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली. उत्तर आलं १८४३. पुढे लक्षात आलं की इसवीसनात शून्य वर्षच नसतं, तेव्हा एक वर्ष वाढलं. शेवटी त्याच्या अनुयायांनी तारीख पक्की केली: २२ ऑक्टोबर १८४४. छापखाने रात्रंदिवस चालले, तक्ते निघाले, मोठाले तंबू गावोगाव फिरले. न्यू हॅम्पशरमधल्या एका शेतकऱ्याने शेतातले बटाटे काढलेच नाहीत, असं या पंथाच्या आठवणींत सांगतात. त्या वर्षी लवकर काढलेल्या बटाट्यांना रोग लागून ते सडले, आणि याचे उशिरा निघालेले बटाटे वसंतात बियाण्याच्या चढ्या भावाने खपले. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले होते ही कहाणी मात्र बहुतांशी चेष्टेखोर वर्तमानपत्रांची. तिचा मुद्देसूद समाचार १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोलने घेतला. निकोल स्वतः त्याच परंपरेतला होता, त्यामुळे त्याच्या उत्साहातून थोडं वजा करावं लागतं. पुरावा मात्र वजा होत नाही.

२३ ऑक्टोबरच्या सकाळी हायरम एडसन नावाचा अनुयायी रात्रभर रडून मक्याच्या शेतातून चालला होता. तिथे त्याला उमगलं की तारीख चुकलेली नाही, जागा चुकली. घटना घडली, पण ती स्वर्गात. या एका दुरुस्तीवर जो पंथ उभा राहिला त्याची १८६३ मध्ये रीतसर सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणून बांधणी झाली. पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर ही त्याच पंथाची संस्था, आणि सॅलिसबरी पार्कातला ओरिएंटल वॉचमन छापखानाही त्यांचाच. स्पायसरवरून रोज बसने जाणाऱ्या पुणेकराला त्या मक्याच्या शेताची कल्पना असण्याचं कारण नाही.

त्याच १८४४ च्या मे महिन्यात, शिराझमध्ये, एका तरुण व्यापाऱ्याने आपण ज्याची वाट पाहिली जात होती तो ‘बाब’, म्हणजे दरवाजा, असल्याचं जाहीर केलं. शिया पंथीयांचा बारावा इमाम हिजरी २६० मध्ये दृष्टिआड झाला होता. आता १२६० होतं, बरोबर हजार चांद्रवर्षं. मिलरला शिराझ माहीत नव्हतं, शिराझला मिलर. बाबला १८५० मध्ये तब्रीझमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यामागून आलेल्या बहाई धर्माची पाचगणीतली न्यू एरा शाळा १९४५ पासून चालू आहे.

आणि त्याच वर्षी एडवर्ड विल्यम वेस्ट नावाचा वीस वर्षांचा इंग्रज मुंबईत कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर देखरेख करायला उतरला. पुढे तो जीआयपी रेल्वेत मुख्य इंजिनियर झाला. सुटीत कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख उतरवून काढायचा. पारशी धर्मग्रंथांची गोडी लागली आणि हा रूळ टाकणारा माणूस पहलवी भाषेचा जगातला पहिल्या फळीचा जाणकार बनला. पुण्याच्या कॉलेजात तेव्हा मार्टिन हॉग हा जर्मन पंडित संस्कृत शिकवत होता. पारशी धर्मावरचे त्याचे निबंध १८६२ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि अवेस्तामधल्या गाथा खुद्द जरथुष्ट्राच्या, हे वेगळं काढून दाखवण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. हॉग, वेस्ट आणि पुण्याचे दस्तूर होशंगजी जामास्पजी या तिघांनी मिळून स्वर्ग-नरकाची सफर सांगणारा ‘अर्दा विराफ’ संपादित केला. १८८० मध्ये वेस्टने ‘बुंदहिश्न’ या पहलवी ग्रंथाचं भाषांतर छापलं. त्यात जगाच्या अखेरचं वर्णन असं आहे: डोंगरांतला धातू वितळून पृथ्वीवरून नदीसारखा वाहील, सगळ्यांना त्यातून चालावं लागेल. सज्जनांना तो कोमट दुधासारखा लागेल, दुर्जनांना वितळलेल्या धातूसारखा. पण शेवटी निघतील सगळेच शुद्ध होऊन.

नॉर्मन कोनने उतारवयात, १९९३ मध्ये, आपली सगळी बाजी याच पारशी धाग्यावर लावली. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याच्या नोकरीत व्हिएन्नात असताना त्याने नाझी आणि स्टालिनशाहीतून पळून आलेले, दोन्ही पाहिले होते, आणि १९५७ च्या पुस्तकात त्याने मध्ययुगीन पंथांत नाझीवाद आणि स्टालिनशाहीची पूर्वछाया शोधली. मुन्स्टर शहर १५३४-३५ मध्ये ‘नवं जेरुसलेम’ म्हणून ताब्यात घेणाऱ्या अशाच एका पंथाच्या पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते तीन पिंजरे तिथल्या सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत. मग प्रश्न आला की काळ एका सरळ रेषेत शेवटाकडे धावतो ही कल्पना मुळात कुणाची? कोनचं उत्तर: जरथुष्ट्राची, तिथून ती ज्यूंकडे, मग ख्रिस्त्यांकडे. उत्तर आकर्षक आहे. अडचण एवढीच की वेस्टने भाषांतर केलेले ग्रंथ आजच्या रूपात नवव्या शतकाच्या आसपासचे आहेत. त्यांतलं मूळचं प्राचीन किती आणि नंतरचं किती, यावर पंडितांचं अजून जुळत नाही. कोनने ही फट जरा घाईने बुजवली असं वाटतं.

हिंदूंकडे शेवट आहे, पण तो कामाचा नाही. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, सुरू झालं इसवीसनपूर्व ३१०२ मध्ये. सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं बाकी आहेत. इतक्या लांबच्या तारखेने कोण घाबरणार? म्हणून धर्मशास्त्रकारांनी कलियुगाचा वापर भीतीपेक्षा कायद्यासाठी केला. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ‘कलिवर्ज्य’ म्हणून पन्नासहून अधिक गोष्टी मोजून मांडल्या आहेत: नियोग, यज्ञातला गोवध आणि असं बरंच. शास्त्रात मान्य असलेलं पण समाजाला नकोसं झालेलं सगळं ‘कलियुगात चालत नाही’ या एका शिक्क्याखाली निकालात निघालं. धर्म कधी बदलत नाही म्हणणाऱ्यांना काण्यांनी ही यादीच उत्तर म्हणून दाखवली.

पण ४,३२,००० हा आकडा फक्त आपला नाही. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात बेरोसस या बॅबिलोनी पुरोहिताने ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. महापुराआधीच्या राजांची एकूण कारकीर्द त्याने दिलीय: ४,३२,००० वर्षं. ही देवाणघेवाण की साठाच्या पटीत मोजण्याचा परिणाम, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. याच बेरोससच्या नावावर रोमन लेखक सेनेकाने आणखी एक मत नोंदवलंय. सगळे ग्रह कर्केत एकत्र आले की जग जळेल, मकरेत आले की बुडेल.

ग्रह राशीत जमले की जगबुडी, ही धास्ती अठराशे वर्षांनंतरही जिवंत होती. योहानेस श्टोफ्लर या जर्मन ज्योतिषाने १४९९ च्या पंचांगात फेब्रुवारी १५२४ मधल्या मीनेतल्या युतींची गर्दी दाखवली. छपाई नवीन होती. शंभराहून जास्त पुस्तिका निघाल्या. त्यांतल्या एकीच्या मुखपृष्ठावर एक अजस्र मासा आहे. त्याच्या अंगावर ग्रह-तारे, पोटातून खालच्या गावावर पाणी कोसळतंय. एका बाजूला शनीच्या मागे झेंडा घेतलेले शेतकरी, दुसऱ्या बाजूला पोप आणि बादशहा. जग बुडालं नाही. पण त्याच वर्षी जर्मन शेतकऱ्यांचं बंड पेटलं, आणि ते चित्र काढणाऱ्याला पंचांगापेक्षा गावाची हवा जास्त कळत होती असं म्हणावंसं वाटतं.

आपली पाळी आली ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ला. रवी, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी आकाशाच्या सुमारे १६ अंशांच्या पट्ट्यात, जोडीला केतू, आणि रास मकर! अष्टग्रही. देशभर होमकुंडं पेटली, अखंड पाठ बसले, नेहरूंनी जाहीरपणे थट्टा केली. बेरोससचं नाव यज्ञमंडपातल्या कुणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती, तरी रास त्याचीच होती. पुणेकरांना महापुराचं भाकीत ऐकताना काय वाटलं असेल? त्यांचं शहर सातच महिन्यांपूर्वी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटून बुडालं होतं.

याच सुमाराला मुंबईत स्टीफन फुक्स हे ऑस्ट्रियन मिशनरी-मानववंशशास्त्रज्ञ देशभरच्या, प्रेषितांमागे उभ्या राहिलेल्या चळवळींची जंत्री करत होते. १९५० मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली होती. १९६५ मध्ये बंडखोर प्रेषितांवरचं त्यांचं पुस्तक इथेच प्रसिद्ध झालं. त्यात बिरसा मुंडा आहे. १८९५ मध्ये चालकडला लोक बिरसाभोवती जमले ते आकाशातून अग्नी बरसेल आणि त्याच्याजवळचेच वाचतील या विश्वासाने. अग्नी बरसला नाही. सरकारने त्याला तुरुंगात टाकलं, आणि सुटून आल्यावर त्याने जे उभारलं ते उलगुलान होतं, म्हणजे मोठं बंड. फुक्सनी त्याला न्यू गिनीच्या आणि अमेरिकेच्या प्रेषितांच्या रांगेत बसवलं. रांग उपयोगाची आहे, पण तिच्यात उभं केलं की गेलेल्या जमिनी आणि वेठबिगार मागच्या बाजूला सरकतात, हेही खरं.

६ फेब्रुवारी १९६२ ला मंडपांतला विस्तव विझला आणि यज्ञांमुळेच संकट टळलं, असं म्हटलं जाऊ लागलं. शिकागोजवळच्या त्या घरात पहाटे पावणेपाचला जे उतरलं होतं, तेच, फक्त तुपाच्या वासासकट. दोन आठवड्यांत लोकसभेचं मतदान सुरू झालं. अष्टग्रहीबरोबर सूर्यग्रहणही आलं होतं, खग्रास. पण ते भारतात दिसलंच नाही. ५ फेब्रुवारीची ती सावली पडली न्यू गिनीवर, वर्स्लीला जिथे जाऊ दिलं नव्हतं तिथे.